पाच कोटींची ई-इन्व्हॉइस आणि भोरच्या छायाचित्रकाराचं बिल

प्रश्न : भोर आणि वेल्हे परिसरात आम्ही लग्न, साखरपुडा, प्री-वेडिंग, बारसं अशा ऑर्डरी घेतो. यंदा शिरवळ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाचं काम मिळालं. काम झालं, बिल दिलं, तर हिशोब विभागाकडून ते परत आलं. ‘ई-इन्व्हॉइस द्या, त्याशिवाय पैसे निघणार नाहीत,’ असं ते म्हणतात. माझ्याकडे जीएसटी नंबर नाही. एक जण सांगतो, बिलाची पीडीएफ करून मेल केली की झाली ई-इन्व्हॉइस. दुसरा म्हणतो, आता प्रत्येक छायाचित्रकाराला नंबर घ्यावाच लागणार. तिसऱ्याने सुचवलं की ओळखीच्या स्टुडिओवाल्याच्या नंबरावर बिल दे आणि मोकळा हो. यातलं खरं काय? – एक छायाचित्रकार, भोर

उत्तर : तिसऱ्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका त्यात आहे. मित्राच्या नंबरावर बिल देऊ नका. काम तुम्ही केलं आणि बिल त्याने फाडलं, तर कायद्याच्या नजरेत ते सेवा न देताच दिलेलं बिल ठरतं. जीएसटी कायद्याच्या कलम 122 मध्ये त्यासाठी दंड आहे : 10,000 रुपये किंवा त्या बिलात गुंतलेल्या कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल ती. मित्राला न सांगता त्याचा नंबर वापरला, तर तोही त्याच कलमातला स्वतंत्र अपराध आहे. शिवाय ती रक्कम मित्राच्या पॅनवर उत्पन्न म्हणून दिसते, त्याची उलाढाल फुगते, कापलेली टीडीएस त्याच्या नावावर जाते. उद्या तपासणीत कंपनीचं त्या बिलावरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, नामंजूर झालं, तर कंपनी तुम्हा दोघांनाही जाब विचारेल. लग्नसराईत एकाच तिथीला दोन ऑर्डरी आल्या की आपण दुसरी ज्याच्याकडे पाठवतो, तोच बहुधा हा मित्र असतो. एका बिलासाठी त्याला गोत्यात आणू नका.

आता पहिला सल्ला. पीडीएफ म्हणजे ई-इन्व्हॉइस नव्हे. बिल संगणकावर केलं, मोबाइलच्या ॲपवर केलं किंवा छापील बिलबुकात हाताने लिहून त्याचा फोटो धाडला, तरी ते साधं बिलच राहतं. ई-इन्व्हॉइस ही एक नोंदणी आहे. विक्रेता आपल्या बिलाचा तपशील ठरावीक नमुन्यात सरकारमान्य इन्व्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलवर पाठवतो. पोर्टल तो तपासतं, त्या बिलाला 64 अक्षर-अंकांचा एकमेव क्रमांक देतं, त्यावर डिजिटल सही करतं आणि क्यूआर कोड जोडून परत करतं. या क्रमांकाला आयआरएन म्हणतात. तो मिळाला की बिलाचा तपशील विक्रेत्याच्या जीएसटी विवरणपत्रात आपोआप उतरतो आणि खरेदीदारालाही दिसतो. असं बिल पोर्टलवर रद्द करायचं असेल तर 24 तासांच्या आतच करता येतं. त्यानंतर चूक सुधारायला क्रेडिट नोट काढावी लागते.

हा खटाटोप सरकारने कशासाठी सुरू केला? माल किंवा सेवा न देता नुसती बिलं फिरवायची आणि त्यावर कराचं क्रेडिट उचलायचं, असे गैरव्यवहार मोठ्या प्रमाणावर उघड झाले. प्रत्येक बिल जन्मतःच सरकारी यंत्रणेत नोंदलं गेलं, तर अशी बनवाबनवी अवघड होते. म्हणून 1 ऑक्टोबर 2020 रोजी 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरुवात झाली. मग ही मर्यादा 100, 50, 20, 10 कोटी अशी उतरत गेली आणि 1 ऑगस्ट 2023 पासून ती 5 कोटींवर आली. 2017-18 पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात ज्याची एकूण उलाढाल 5 कोटींच्या वर गेली असेल, त्यालाच ई-इन्व्हॉइस काढावी लागते. तीसुद्धा नोंदणीकृत व्यावसायिकाला दिलेल्या बिलासाठी आणि निर्यातीसाठी. नवरा-नवरीच्या घरच्यांना दिलेल्या बिलाला ती लागत नाही, मग छायाचित्रकार केवढाही मोठा असो.

5 कोटी म्हणजे तुमच्या धंद्यात किती? समजा, तुमची सरासरी ऑर्डर 75,000 रुपयांची आहे. मग वर्षाला साडेसहाशेहून जास्त ऑर्डरी कराव्या लागतील. चार महिने मुहूर्त नसतात, उरलेल्या महिन्यांतही तिथी दाटीवाटीने येतात. भोर-वेल्ह्यातल्या सगळ्या मंगल कार्यालयांची कामं एकाच माणसाने घेतली, तरी हे गणित बसणार नाही. तेव्हा ई-इन्व्हॉइस तुम्हाला लागू नाही आणि तिच्या भीतीने झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

मात्र तुमच्या धंद्यासाठी खरी रेषा वेगळीच आहे आणि ती 5 कोटींच्या गाजावाजात नजरेआड होते. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची एकूण उलाढाल आर्थिक वर्षात 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. त्याच 75,000 च्या सरासरीने 27 व्या ऑर्डरीला ही रेषा ओलांडली जाते. 27 ऑर्डरी हे काही मोठ्या स्टुडिओचं काम नव्हे. नसरापूर, कापूरहोळ, भोर या पट्ट्यात दोन माणसं हाताशी असलेला छायाचित्रकार एवढं सहज करतो.

इथे 40 लाखांचा आकडा तुम्हाला कुणीतरी सांगेल. तो फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही फ्रेम, अल्बम, पेन ड्राइव्ह विकत असलात, तरी मुख्य काम सेवेचं आहे, म्हणून मर्यादा 20 लाखांचीच.

उलाढाल मोजताना बहुतेकांची गफलत होते ती अशी. पार्टीकडून 1,50,000 चं पॅकेज घेतलं. त्यातून कँडिडवाल्याला 25,000, ड्रोनवाल्याला 12,000, सिनेमॅटिक एडिटिंगला 20,000, अल्बमच्या लॅबला 18,000 दिले. हातात राहिले 75,000. छायाचित्रकार वहीत 75,000 लिहितो, कारण त्याच्या लेखी तीच कमाई. कायद्याच्या लेखी त्याची उलाढाल 1,50,000 आहे. वाटून दिलेले पैसे हा तुमचा खर्च झाला. प्राप्तिकरात तो नफ्यातून वजा होतो, जीएसटीच्या मर्यादेसाठी वजा होत नाही. या हिशोबाने 14 ऑर्डरींतच 20 लाख ओलांडले जातात. पार्टीने कँडिडवाल्याशी आणि ड्रोनवाल्याशी थेट ठरवून त्यांना थेट पैसे दिले, तर मात्र ती रक्कम त्यांच्या उलाढालीत जाते, तुमच्या नाही. हा फरक केवळ कागदावरचा नसावा, व्यवहार खरोखर तसा असावा.

शिवाय उलाढाल एका पॅनवर मोजली जाते. भोर बाजारपेठेतला गाळा भाड्याने दिला असेल तर ते भाडं, पासपोर्ट फोटोंचा गल्ला, परदेशी स्टॉक फोटो संकेतस्थळाकडून डॉलरमध्ये आलेलं मानधन, हे सगळं त्यात येतं. वर्ष मोजायचं एप्रिल ते मार्च. एप्रिल आणि मे हे लग्नसराईचे भरीचे महिने वर्षाच्या सुरुवातीलाच येतात, मग चातुर्मासात शांतता, आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा झुंबड. म्हणून रेषा बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये ओलांडली जाते, नेमकी त्या दिवसांत, जेव्हा हिशोबाची वही उघडायला सवड नसते. दिवाळीत एकदा बेरीज करून ठेवा. 20 लाख ओलांडल्याच्या दिवसापासून 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. अर्ज ऑनलाइन आहे आणि सरकार त्याचं शुल्क घेत नाही. कुणी शुल्क म्हणून काही मागितलं, तर ती त्याची सल्ल्याची फी आहे हे ओळखून द्या किंवा नाकारा.

आता कंपनीकडे वळू. तुमची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर बिलात तुमचं नाव, पत्ता, पॅन, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम आणि बँकेचा तपशील लिहा. करापोटी एक रुपयाही लावू नका. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करण्याचा अधिकार नाही, आणि गोळा केलेला कर सरकारजमा करावाच लागतो. सोबत साध्या कागदावर सही करून असं द्या : ‘2017-18 पासून कोणत्याही आर्थिक वर्षात माझी एकूण उलाढाल 20 लाख रुपयांच्या वर गेलेली नाही. मी जीएसटी कायद्याखाली नोंदणी करण्यास बांधील नाही, माझ्या बिलात कर आकारलेला नाही, आणि केंद्रीय जीएसटी नियम 48(4) खालील ई-इन्व्हॉइसची तरतूद मला लागू होत नाही.’ जे लिहाल ते खरं असलं पाहिजे, एवढीच अट.

हिशोब विभागातली माणसं अडवणूक म्हणून हे मागतात असं समजू नका. ज्याला ई-इन्व्हॉइस लागू आहे त्याने साधं बिल दिलं, तर नियम 48(5) नुसार ते बिलच धरलं जात नाही आणि कंपनीचं क्रेडिट धोक्यात येतं. म्हणून कंपन्यांच्या संगणकप्रणालीत सर्वच पुरवठादारांसाठी एकच रकाना ठेवलेला असतो, आणि मग कोट्यवधींचा ठेकेदार आणि एका दिवसाचा छायाचित्रकार दोघांनाही तोच संदेश जातो. तुमच्या बिलात करच नाही, तर गमावण्यासारखं क्रेडिटही नाही. नोंदणी नसलेल्याकडून सेवा घेतली म्हणून विक्रेत्याऐवजी कंपनीला त्यावर कर (उलट कर) भरावा लागेल, ही भीतीही बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत निराधार आहे. बांधकाम प्रकल्पांच्या प्रवर्तकांसारखे ठरावीक अपवाद सोडले, तर 2019 पासून तशी सक्ती नाही.

तरीही पैसे अडले, तर तुमच्या हातात एक चांगलं साधन आहे, आणि आपल्याकडचे फार थोडे छायाचित्रकार ते वापरतात. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती विनामूल्य आहे, आधार आणि पॅनवर होते, आणि ज्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही त्याला तिथेही जीएसटी नंबर मागितला जात नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा उद्योगाचं बिल खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकवायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. 2023 च्या वित्त कायद्याने याला आणखी धार आली : सूक्ष्म वा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच प्राप्तिकरात दाखवता येतो. उद्यम क्रमांक बिलावर छापा. पुढचं काम घेण्याआधीच तो छापलेला असावा, कारण नंतर मिळवलेल्या नोंदणीचा आधार जुन्या बिलाला मिळत नाही.

कंपनी बिलातून टीडीएस कापेल. ती प्राप्तिकराची आगाऊ कपात आहे, जीएसटीशी तिचा संबंध नाही. विवरणपत्र भरताना ती तुमच्या करात जमा धरली जाते आणि जास्त झालेली परत मिळते.

20 लाखांच्या आत असताना स्वतःहून नंबर घ्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढचा तोच येणार. माझं मत असं. ज्यांची निम्म्याहून जास्त कामं कंपन्यांची आहेत, म्हणजे शिरवळ, खेड शिवापूर, पुण्यातले कारखाने, हॉटेलं, बांधकाम व्यावसायिक, त्यांनी घ्यावा. तुम्ही लावलेला 18 टक्के कर कंपनीला क्रेडिट म्हणून परत मिळतो, त्यामुळे तुम्ही तिला महाग पडत नाही. तुम्हालाही नव्या कॅमेऱ्यावर, लेन्सवर, संगणकावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. 2 लाखांच्या कॅमेऱ्यावरचा 36,000 रुपयांचा कर ही लहान रक्कम नाही. पण ज्यांचा धंदा मुख्यतः लग्नांवर आहे, त्यांनी घाई करू नये. वधूपित्याला क्रेडिट नावाची गोष्ट नसते. त्याच्यासाठी तुमचा 18 टक्के कर म्हणजे निव्वळ भाववाढ, आणि गावात शेजारचा नोंदणी नसलेला छायाचित्रकार तेवढ्याने स्वस्त ठरतो. शिवाय नोंदणी झाली की आषाढात एकही ऑर्डर नसली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. शून्य विवरणपत्रालाही उशिरासाठी दिवसाला 20 रुपये शुल्क आहे.

दोन्हींच्या मधला एक रस्ताही आहे. वार्षिक उलाढाल 50 लाखांपर्यंत असेल तर 1 एप्रिल 2019 पासून सेवा देणाऱ्यांसाठीही कंपोझिशनची सोय झाली आहे. यात उलाढालीवर 6 टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायचा. बिलावर कर वेगळा दाखवता येत नाही, क्रेडिट मिळत नाही आणि देताही येत नाही, राज्याबाहेर सेवाही देता येत नाही. वरंध घाट उतरून महाडचं लग्न केलं तर चालतं, ते महाराष्ट्रच आहे. बेळगावच्या पार्टीची ऑर्डर मात्र घेता येणार नाही. 20 लाख ओलांडलेल्या, पण कंपन्यांची कामं नसलेल्या लग्नाच्या छायाचित्रकाराला हा रस्ता बहुधा सर्वांत सोयीचा पडतो. 18 च्या जागी 6 टक्के, आणि तेही पॅकेजमध्ये मिसळून.

ज्यांनी सर्वसाधारण नोंदणी घेतली आहे, त्यांना दोन गोष्टी पोटतिडकीने सांगायच्या आहेत, कारण इथेच नुकसान होतं. पहिली, पार्टीशी भाव ठरवताना ‘जीएसटीसह’ की ‘अधिक जीएसटी’ हे कागदावर लिहा. 1 लाख ठरले आणि कराचा उल्लेखच झाला नाही, तर शेवटी पार्टी 1 लाखच देते. मग कर त्यातूनच निघतो : 1,00,000 गुणिले 18 भागिले 118, म्हणजे 15,254 रुपये. तुमच्या हाती उरतात 84,746. ज्या ऑर्डरीत लॅब, एडिटिंग आणि माणसं वजा जाऊन या कराएवढाच नफा होता, ती ऑर्डर फुकट केल्यासारखी झाली.

दुसरी गोष्ट ॲडव्हान्सची. साखरपुड्याला घेतलेल्या 30,000 च्या इसारावर कर लग्नाच्या वेळी भरायचा, असं बहुतेक जण धरून चालतात. किराणा किंवा हार्डवेअरवाले मित्र सांगतात की ॲडव्हान्सवर कर लागत नाही. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, कारण नोव्हेंबर 2017 पासून ती सवलत मालाला मिळाली. सेवेला नाही. सेवेत पैसे हाती आले की त्याच काळाच्या विवरणपत्रात त्यावरचा कर भरायचा असतो. 30,000 मध्ये कर मिळून असेल तर तो सुमारे 4,576 रुपये. या रकमेची पावती द्यायची, तिला रिसीट व्हाउचर म्हणतात. लग्न मोडलं आणि पैसे परत केले, तर रिफंड व्हाउचर द्यायचं आणि भरलेला कर पुढे समायोजित करायचा. अंतिम बिल सेवा पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत. आपल्याकडे अल्बमसाठी फोटो निवडून द्यायला पार्टी सहा-सहा महिने लावते, तेव्हा ‘अल्बम हातात दिल्यावर बघू’ म्हणत बिल आणि कर दोन्ही लांबतात. काम पूर्ण कधी झालं यावर वाद होऊ शकतो, पण त्याआधी आलेल्या पैशांवरचा कर त्या त्या वेळीच देय झालेला असतो.

लग्न आणि समारंभांच्या छायाचित्रणाचा सेवा संकेतांक 998383 आहे आणि कर 18 टक्के, म्हणजे राज्यातल्या कामाला 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा. कंपनीला दिलेल्या बिलावर 5 कोटींच्या आतल्यांनी पहिले चार अंक लिहिले तरी पुरतात. बिलाचा अनुक्रमांक वर्षभर सलग हवा आणि 16 अक्षरांच्या आत. त्रैमासिक विवरणपत्राचा पर्याय घेतला असेल तर कंपनीचं बिल तिमाही संपायची वाट न पाहता पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत पोर्टलवर चढवता येतं. कंपनीला क्रेडिट लवकर दिसलं की तुमचे पैसेही लवकर निघतात. कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायची आहेत. फोटोंचा बॅकअप जसा दोन हार्ड डिस्कवर ठेवता, तसाच बिलांचाही ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात तोरणा आणि राजगडावर मी स्वतःच्या हौसेने काढलेले फोटो आहेत. एका चित्रपट निर्मात्याला त्यातले काही वापरायचे आहेत. भोरच्या राजवाड्यात चित्रीकरणाच्या वेळी मी त्यांच्यासाठी स्टिल्सही काढले होते. दोन्हींचं बिल एकाच पद्धतीने करायचं का? – एक वाचक, वेल्हे

उत्तर : नाही. राजवाड्यातले स्टिल्स निर्मात्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेले आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे वेगळा करार नसेल तर अशा छायाचित्रांचा पहिला मालक काम देणारा असतो. त्यामुळे तुम्ही त्याला हक्क विकत नाही, छायाचित्रणाची सेवा देता. तिचं बिल इतर कुठल्याही कामासारखं.

तोरणा आणि राजगडाचे फोटो तुमचे आहेत. ते वापरण्याची परवानगी देणं म्हणजे कॉपीराइटचा व्यवहार, आणि छायाचित्रकाराने निर्मात्याला असा हक्क दिला तर त्यावरचा जीएसटी उलट पद्धतीने निर्मात्याने भरायचा असतो. 28 जून 2017 च्या अधिसूचना क्रमांक 13 मध्ये संगीतकार आणि कलावंतांबरोबर छायाचित्रकाराचाही नावानिशी उल्लेख आहे. तुम्ही नोंदणीकृत असलात, तरी त्या बिलात कर लावायचा नाही, ‘कर उलट पद्धतीने देय’ असं लिहायचं. म्हणून दोन वेगळी बिलं करा. परवानगीच्या कागदावर कोणते फोटो, कशासाठी, किती काळ आणि कोणत्या माध्यमात, हेही लिहून घ्या. जुलै 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या गडाच्या चांगल्या छायाचित्रांना आता मागणी येईल, आणि इथल्या माणसाने वर्षानुवर्षं धुक्यात बसून काढलेला फोटो तोंडी ‘वापरा की’ म्हणून देऊन टाकणं मला पटत नाही.

प्रश्न : यूपीआयवर पैसे घेतले की नोटीस येते, म्हणून सगळं रोखीत घ्यावं असं आमच्याकडे बोललं जातं. हे बरोबर आहे का? – एक छायाचित्रकार, नसरापूर

उत्तर : या बोलण्याचं मूळ जुलै 2025 मधल्या कर्नाटकातल्या घटनांत आहे. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत अनेक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पण नोटीस यूपीआय घेतल्याबद्दल नव्हती. उलाढाल मर्यादेच्या वर दिसते आणि नोंदणी नाही, याबद्दल होती. रोखीत घेतलेली रक्कमही उलाढालच असते. रोखीचा रस्ता धरून तुम्ही स्वतःचा पुरावा मात्र गमावता : 20 लाखांच्या आत आहात हे सिद्ध करायला बँकेचं खातं हाच सर्वांत भक्कम कागद आहे.

त्यासाठी धंद्याचं खातं आणि क्यूआर कोड घरच्या खात्यापासून वेगळे ठेवा. भावाने पाठवलेले पैसे, विकलेल्या भाताचे पैसे, मित्राने परत केलेली उसनवारी आणि पार्टीचा ॲडव्हान्स हे सगळं एकाच खात्यात आलं, तर दोन वर्षांनी कुठली रक्कम कशाची हे तुम्हालाही आठवणार नाही, मग अधिकाऱ्याला काय सांगणार? ड्रोनवाल्याला आणि एडिटरला दिलेले पैसेही त्याच खात्यातून द्या आणि त्यांच्याकडून साधं का होईना बिल घ्या.

या तिन्ही उत्तरांचा संबंध कंपन्यांच्या हिशोब विभागांशीही आहे, आणि पुणे जिल्ह्यातल्या अशा विभागांत काम करणारे अनेक जण हे सदर वाचतात हे पत्रांवरून कळतं. त्यांना विनंती आहे. पुरवठादाराच्या अर्जात ‘ई-इन्व्हॉइस लागू नाही’ असा पर्याय ठेवा, त्यासोबत जाहीरनाम्याचा नमुना मराठीतही द्या, आणि छायाचित्रकार, मंडपवाला, स्वयंपाकी यांना काम देण्याआधीच तो भरून घ्या. काम झाल्यावर बिल परत पाठवण्यापेक्षा ते सोपं आहे, आणि त्यांची उद्यम नोंदणी असेल तर त्यांचे पैसे 15 किंवा 45 दिवसांत देणं हे तुमच्यावरही कायद्याने बंधनकारक आहे.